भाऊंचा तोतया आणि नेताजींच्या अस्थी

१७७६ च्या प्रारंभी रत्नागिरीच्या किल्ल्यातून एक कैदी बाहेर पडला आणि बघता बघता निम्मं कोकण त्याच्या पाठीशी उभं राहिलं. हा बुंदेलखंडाकडचा कनोजी ब्राह्मण, नाव सुखनिधान, कुणी सुखलाल म्हणतात. ‘मी सदाशिवरावभाऊ, पानिपतावरून जिवंत सुटलो’ असा त्याचा दावा. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीतच चौकशी होऊन तो तोतया ठरला होता, म्हणून तर तो कैदेत होता. तरी रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानं त्याला मोकळं केलं, एकामागून एक किल्ले त्याच्या स्वाधीन झाले, हजारोंची फौज जमली आणि स्वारी थेट बोरघाटापर्यंत येऊन भिडली. अखेर महादजी शिंद्यांच्या फौजेनं तिची दाणादाण उडवली. समुद्रमार्गे मुंबईच्या इंग्रजांकडे निसटताना तो आंग्र्यांच्या हाती लागला, पुण्यात पुन्हा पंचायत बसली आणि वर्षअखेरीस त्याला देहदंड झाला.

पेशवाईतली एक गमतीची हकीकत म्हणून हे प्रकरण आपण वाचतो आणि पान उलटतो. मला मात्र त्यातल्या माणसांचं कोडं सुटत नाही. पानिपताला तोवर पंधरा वर्षं झाली होती. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजानं भाऊंचं प्रेत कसं सापडलं, कसं ओळखलं, त्याला अग्नी कसा दिला हे सगळं लिहून ठेवलं आहे. भाऊंना ज्यांनी जवळून पाहिलं होतं असे पुष्कळ लोक पुण्यात हयात होते. खुद्द नाना फडणीस पानिपतावरून जीव वाचवून आलेले. महादजी तर त्या रणातून आलेला अधू पाय घेऊनच चालत होते. भाऊ कोण आणि तोतया कोण हे सांगायला यांच्याहून चांगले साक्षीदार कुठून आणणार? पण कोकणातल्या हजारो लोकांनी नानांचं ऐकलं नाही. नाना नाही म्हणतात यातच त्यांना खरी गोम दिसली. भाऊ परत आले तर कारभार कुणाचा राहील? मग नाना त्यांना ओळखतील कशाला?

हे तर्कट एकदा मनात बसलं की पुराव्याचं काही चालत नाही. पुरावा देणाराच आरोपी असतो. तो जितका जास्त पुरावा देईल, तितकं त्याचं लपवणं जास्त. आजच्या कुठल्याही कटकथेचा सांगाडा उघडून पाहा, आत हेच सापडेल.

अशा माणसांना आपण सरळ ‘भोळे’ म्हणून टाकतो. किंवा हल्लीच्या भाषेत ‘व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठाचे पदवीधर’. शिक्षण वाढलं, वैज्ञानिक दृष्टिकोन रुजला की हे सगळं आपोआप विरघळेल, असा आपला एक गोड समज आहे. मला तो पटत नाही, आणि त्याचं कारण आपल्याच आठवणीत आहे. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्यायला. रांगा लागल्या, कचेऱ्या ओस पडल्या, दुधाचे भाव चढले. शास्त्रज्ञांनी पृष्ठताण, केशाकर्षण समजावून सांगितलं आणि काही दिवसांत तो विषय विनोदाचा झाला. २०२१ च्या जूनमध्ये नाशिकच्या एका ज्येष्ठ नागरिकांनी कोविडच्या लशीनंतर आपल्या अंगाला चमचे आणि नाणी चिकटतात असं सांगितलं. वाहिन्यांनी ते दिवसभर दाखवलं. घामट त्वचेला हलक्या वस्तू चिकटतात, त्यासाठी लस लागत नाही, हे डॉक्टरांनी आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी दाखवून दिलं, आणि चुंबकाची हवा गेली. म्हणजे पुराव्यानं मतं बदलतात. आपल्याच लोकांची, आपल्याच डोळ्यांदेखत बदलली आहेत. मग काही समजुती पंधरवड्यात मरतात आणि काही ऐंशी वर्षं तग धरतात, हे कसं?

नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या मृत्यूइतकं याचं चांगलं उदाहरण आपल्याकडे दुसरं नाही.

जे घडलं ते थोडक्यात असं. १५ ऑगस्ट १९४५ ला जपाननं शरणागती जाहीर केली. १८ ऑगस्टला नेताजी एका जपानी बॉम्बर विमानातून निघाले, तैवानात तैहोकूला, म्हणजे आजच्या तैपेईला, विमान थांबलं आणि पुन्हा उडताच कोसळलं. नेताजी भयंकर भाजले आणि त्याच दिवशी लष्करी इस्पितळात वारले. आझाद हिंद सेनेचे हबीबुर रहमान त्यांच्यासोबत होते, ते वाचले. काही जपानी सहप्रवासीही वाचले, त्या सगळ्यांनी आणि इस्पितळातल्या डॉक्टरांनी पुढे वेगवेगळ्या वेळी जबान्या दिल्या. अस्थी टोकियोच्या रेंकोजी मंदिरात आहेत. ब्रिटिशांनी १९४६ मध्येच स्वतःपुरती चौकशी करून हाच निष्कर्ष काढला. शत्रू मेला याची त्यांना खातरी हवी होती, खोटं समाधान त्यांच्या काय उपयोगाचं? १९५६ ची शाहनवाज समिती आणि १९७० चा खोसला आयोग (अहवाल १९७४ चा) इथेच पोचले.

वेगळा निष्कर्ष एकाच आयोगाचा. न्यायमूर्ती मनोजकुमार मुखर्जी आयोगानं २००५ मध्ये म्हटलं की नेताजी आता हयात नाहीत, पण त्यांचा मृत्यू विमान अपघातात झाला नाही. तैवान सरकारनं त्या दिवशीच्या अपघाताची नोंद आपल्याकडे नसल्याचं कळवलं, हा त्यातला एक मोठा आधार. सरकारनं २००६ मध्ये तो अहवाल फेटाळला. कारणं सरकारनं नीट दिली नाहीत हे खरं, पण तैवानच्या नोंदीचा मुद्दा माझ्या मते लंगडाच आहे. तैवान ऑगस्ट १९४५ मध्ये जपानच्या ताब्यात होतं, तेही शरणागती पत्करलेल्या जपानच्या. चिनी प्रशासन तिथे आलं ऑक्टोबरच्या अखेरीस. जपानी लष्कराच्या विमानाची नोंद नंतर आलेल्या सरकारच्या दप्तरात नाही, यावरून विमानच पडलं नाही असं कसं म्हणायचं? जबान्यांत तफावती आहेत, ही दुसरी तक्रार. वेळ जुळत नाही, कोण कुठे बसलं होतं ते जुळत नाही. कोर्टात काम केलेल्या कुणालाही विचारा: दहा वर्षांनी, वीस वर्षांनी दिलेल्या साक्षी अगदी एकसारख्या निघाल्या तर वकील पहिला संशय पढवल्याचा घेतो.

माझ्या परिचयातले एक निवृत्त हेडमास्तर आहेत. विज्ञान शिकवायचे. १९९५ साली गणपती दूध प्यायला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर खडूच्या तुकड्याला, मग पेपरवेटला आणि शेवटी शिपाईमामांच्या चपलेच्या अंगठ्याला दूध ‘पाजलं’ होतं. (चपलेवरून गावात बरीच बोंब झाली.) या मास्तरांकडे एक निळी प्लॅस्टिकची फाईल आहे. तिच्यात नेताजींची कात्रणं आहेत, आयोगांच्या अहवालांतल्या पानांच्या झेरॉक्स आहेत आणि एक फोटो आहे. १९६४ च्या मे महिन्यातला, नेहरूंच्या पार्थिवाजवळचा. त्यात चष्मा घातलेले एक भिक्खू उभे आहेत आणि चेहरा खरोखर नेताजींसारखा आहे. मास्तर तो फोटो पुढे करतात, काही बोलत नाहीत, तुमच्या तोंडाकडे बघत बसतात.

मी त्यांना सांगितलं की हे कंबोडियाचे भिक्खू वीर धम्मवर आहेत, ते दिल्लीतच राहायचे, पुष्कळ वर्षं जगले, त्यांची ओळख केव्हाच पटलेली आहे. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरोबर. म्हणजे तसा दिसणारा माणूस मुद्दाम उभा केला. खरा फोटो दाबायला.”

हे उत्तर वेडगळ म्हणून हसण्यावारी नेता येतं. पण त्याच मास्तरांनी पुढे जे सांगितलं ते हसण्यासारखं नाही. त्यांच्या वडिलांनी १९४५ च्या ऑगस्टात ती बातमी ऐकली तेव्हा घरात चूल पेटली नव्हती. “वडील म्हणायचे, एकदा मारून झालाय की याला. पुन्हा येईल बघ.” एकदा मारून झालाय हे अक्षरशः खरं होतं. मार्च १९४२ मध्ये नेताजी विमान अपघातात गेल्याची बातमी जगभर पसरली होती, गांधीजींनी त्यांच्या आईला सांत्वनाची तार केली होती, आणि मग बर्लिनहून त्यांचा आवाज रेडिओवर आला. त्याच्याही आधी, १९४१ च्या जानेवारीत, ब्रिटिशांच्या पहाऱ्यातून पठाणाच्या वेशात निसटून हाच माणूस पुढे काबूलमार्गे जर्मनीला पोचला होता. अशा माणसाच्या मृत्यूची दुसरी बातमी, पुन्हा विमानाचीच, पुन्हा परक्या रेडिओची. त्या वडिलांनी ती खरी का मानावी? १९४६ च्या सुरुवातीला तर गांधीजी स्वतःच म्हणाले की सुभाषबाबू जिवंत आहेत असं मला आतून वाटतं. एप्रिलमध्ये त्यांनी ‘हरिजन’मध्ये लिहून ते मागे घेतलं, माझं ते बोलणं विसरा आणि नेताजी गेले हे स्वीकारा असं विनवलं. पहिलं वाक्य घरोघर पोचलं. दुसरं छापील अंकात राहिलं.

म्हणजे १९४५-४६ मध्ये अपघातावर अविश्वास दाखवणारा माणूस मूर्ख नव्हता, उपलब्ध माहितीवरून त्याचा अंदाज बराच शहाणपणाचा होता. प्रश्न आहे तो १९५६ नंतरचा, १९७४ नंतरचा आणि आजचा. नवी माहिती आली तसा अंदाज बदलायला हवा होता. तो बदलला नाही, कारण तोवर तो अंदाज उरलाच नव्हता. त्यावर दुसरं काहीतरी उभं राहिलं होतं.

ते काय, हे मास्तरांच्या एका वाक्यात आहे. पुराव्यांची सगळी देवघेव संपली, चहा झाला, आणि फाईल बंद करता करता ते म्हणाले, “ते असते तर फाळणी झाली असती का?”

खरा विषय तिथे आहे. तैहोकूची धावपट्टी, इंजिनाचा बिघाड, डॉक्टरांची जबानी हे सगळं त्या प्रश्नाच्या ओट्यावर बसून चाललेलं बोलणं आहे. फाळणी, दंगली, स्वातंत्र्यानंतरची निराशा, आपल्या वाट्याला आलेले पुढारी हे सगळं असं व्हायचं नव्हतं, खरा धनी वाटेत अडवला गेला म्हणून असं झालं, ही ती भावना. नेताजी अपघातात गेले हे मान्य करायचं तर त्याच दमात हेही मान्य करावं लागतं की इतकी मोठी आशा एका बिघडलेल्या इंजिनानं संपवली, त्यात कुणाचा डाव नव्हता, कुणाला शिव्या घालता येणार नाहीत. पानिपतानंतरचं कोकण आणि फाळणीनंतरचा देश इथे एकमेकांना भेटतात. भाऊ मेले हे मानणं म्हणजे पानिपत झालं हे मानणं. भाऊ जिवंत असले तर ती हार अजून पुरती झालेली नाही, हिशेब अजून खुला आहे.

चमचे चिकटण्याच्या समजुतीत कुणाची अशी जखम नव्हती. ती सोडताना कुणालाही काही गमवावं लागलं नाही. म्हणून ती सुटली.

हे एकदा लक्षात आलं की कटकथांच्या काही विक्षिप्त गोष्टी आपोआप उलगडतात. उदाहरणार्थ, एकमेकींना छेद देणाऱ्या कथा एकाच डोक्यात सुखानं नांदतात. मास्तरांच्या फाईलमध्ये नेताजी सोव्हिएत तुरुंगात मरतात, उत्तर बंगालातल्या शौलमारी आश्रमात साधू होऊन राहतात आणि फैजाबादला गुमनामी बाबा म्हणून १९८५ पर्यंत जगतात. तिन्ही कागद शेजारी शेजारी, एकाच टाचणीनं टाचलेले. गुमनामी बाबांच्या दातांचा डीएनए जुळला नाही, खुद्द मुखर्जी आयोगाला तिथे ठोस पुरावा मिळाला नाही, उत्तर प्रदेश सरकारनं नेमलेल्या विष्णू सहाय आयोगानंही ते नेताजी नव्हेत असंच म्हटलं. फाईलला त्याचं काही नाही. २०१२ साली इंग्लंडात केंट विद्यापीठाच्या संशोधकांना असं दिसलं होतं की राजकन्या डायनाचा खून झाला असं मानण्याकडे ज्यांचा कल, त्यांचाच कल तिनं स्वतःच्या मृत्यूचं नाटक केलं असं मानण्याकडेही जास्त होता. त्या निष्कर्षावर पुढे इतर अभ्यासकांनी आक्षेप घेतले, लोक खरंच दोन्ही गोष्टी एकदम मानतात का याबद्दल वाद आहे. पण फाईल बघितलेल्या मला त्यातलं मर्म ओळखीचं वाटलं. नेताजी नेमके कुठे गेले हा तपशील दुय्यम असतो. ‘ते सांगतात तसं झालेलं नाही’ एवढं पक्कं असलं की पुरे.

दुसरी विक्षिप्त गोष्ट साक्षीदारांची. आपण समजतो की समोरच्याच्या गोटातला माणूस आणला तर त्याला पटेल. शाहनवाज खान हे आझाद हिंद सेनेचे अधिकारी, लाल किल्ल्यातल्या खटल्यातले आरोपी. नेताजींशी त्यांच्याहून अधिक इमान कुणाचं? त्यांनी अपघात झाला असं म्हणताच ते ‘नेहरूंच्या सरकारात पद मिळवलेले’ ठरले. तेच आपल्या सावंतवाडीकडच्या तिरोड्याच्या जगन्नाथराव भोसल्यांचं. आझाद हिंद सेनेतले एक वरिष्ठ सेनानी, पुढे केंद्रात उपमंत्री झाले. मास्तर त्यांच्याबद्दल आदरानं बोलतात, फक्त १९४५ पर्यंतच. उलट शाहनवाज समितीतून मतभेद नोंदवून बाहेर पडलेले नेताजींचे थोरले बंधू सुरेशचंद्र बोस, त्यांचा शब्द मात्र शेवटचा. नेताजींच्या कन्या अनिता यांनी अपघात मान्य केला आहे, पण त्या ‘परदेशात वाढल्या, त्यांना काय माहीत’. माणूस किती जवळचा यावर विश्वास ठरत नाही. तो काय बोलला यावरून तो जवळचा की विकला गेलेला, हे मागाहून ठरतं.

आणि श्रद्धेच्या अवतीभोवती घेणारे हात असतातच. परांजप्याला तोतया खरोखर भाऊ वाटला होता का? मला शंका आहे. पुण्यात दोन वर्षांचं मूल गादीवर, राघोबा इंग्रजांच्या आश्रयाला, बारभाईंचा कारभार डळमळीत. अशा वेळी भाऊंच्या नावानं काय काय साधता येईल हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. आपल्याकडेही नेताजींच्या फायली कोणत्या पक्षाला कोणत्या निवडणुकीच्या तोंडावर आठवतात हे पाहण्यासारखं आहे. पण घेणाऱ्या हातांवर सगळं ढकलून मोकळं होऊ नये. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई कुणाच्या हातातलं बाहुलं नव्हत्या. त्या स्वतः पानिपतावर होत्या. परत आल्या आणि १७८३ मध्ये जाईपर्यंत त्यांनी कुंकू पुसलं नाही. बावीस वर्षं. त्यांना कुणी अफवा विकली नव्हती.

आता यावर एक रास्त आक्षेप येतो. कट असतात ना? मग संशय घेणाऱ्याला मनोरुग्ण ठरवून सत्ता मोकळी होत नाही का?

असतात, आणि होते. तोतयाच्या स्वारीच्या तीनच वर्षं आधी, ३० ऑगस्ट १७७३ ला, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तो कटच होता, घरातलाच होता. रामशास्त्र्यांनी चौकशी करून प्रत्यक्ष रघुनाथरावाला दोषी धरलं. वाड्यात पेशवा मारला जातो आणि चुलताच त्यात गुंतलेला असतो हे ज्या पुण्यानं पाहिलं, त्याला ‘वाडा भाऊंना नाकारतोय’ हे अशक्य का वाटावं? (गंमत अशी की त्याच खुनातली ‘ध चा मा’ ही गोष्ट आपण दोनशे वर्षं आनंदीबाईंच्या नावावर बिनदिक्कत सांगत आलो. अक्षर त्यांनीच बदललं याचा भक्कम पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. तिथे आपल्याला पुरावा आठवत नाही, गोष्ट फार सुबक आहे.)

नेताजींच्या बाबतीतही सरकारनं संशयाला खतपाणी घातलंच. २०१५ मध्ये उघड झालं की स्वतंत्र भारताच्या गुप्तचर खात्यानं १९४८ ते १९६८ अशी वीस वर्षं बोस कुटुंबीयांवर पाळत ठेवली, त्यांची पत्रं फोडली. जपान सरकारनं जानेवारी १९५६ मध्ये तयार केलेला, अपघाताला दुजोरा देणारा चौकशी अहवाल साठ वर्षं कपाटात होता, तो बाहेर आला २०१६ मध्ये. अपघातात मृत्यू झाला असं सांगणारा कागदसुद्धा ‘गोपनीय’! परराष्ट्रांशी संबंध बिघडतील म्हणून फायली उघडता येत नाहीत, असं वर्षानुवर्षं उत्तर मिळत राहिलं. लपवण्यासारखं काही नसताना लपवण्याची ही सरकारी सवय. मास्तरांच्या फाईलमधली निम्मी पानं या सवयीनं पुरवलेली आहेत. पाळत ठेवली होती हे खरं निघालं तेव्हा मास्तर जिंकल्यासारखे दिसत होते, आणि त्या एका मुद्द्यावर ते जिंकलेच होते.

तेव्हा फरक संशयात नाही. रामशास्त्र्यांनीही संशय घेतला, तोही स्वतःच्या धन्यावर. फरक असा की त्यांच्या प्रश्नाला उत्तर असू शकत होतं. साक्षी तपासायच्या, कुणी काय हुकूम दिला ते शोधायचं, आणि जे निघेल ते मान्य करायचं, मग ते कितीही गैरसोयीचं असो. रघुनाथराव निर्दोष निघाला असता तर त्यांनी तसंही सांगितलं असतं. मास्तरांना मी विचारलं होतं, “असा कोणता पुरावा मिळाला तर तुम्ही म्हणाल की अपघात झाला?” त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. बराच वेळ. मग म्हणाले, “असा पुरावा ते बाहेर येऊच देणार नाहीत.” अपघाताचा पुरावा! तो दाबून सरकारला काय मिळणार होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मीही बोललो नाही.

बोललो नाही, कारण तोवर मला दिसायला लागलं होतं की अशा वादात समोरच्याला नेमकं काय गमवावं लागतं. चाळीस वर्षांची फाईल आहे. तिच्यामुळे जोडलेली माणसं आहेत, दर २३ जानेवारीला होणारं व्याख्यान आहे, गावात ‘नेताजींचे मास्तर’ म्हणून मान आहे. सगळ्या जगाला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत असल्याचा एक दबका आनंद आहे, तोही काही थोडाथोडका नव्हे. आणि सगळ्यांच्या तळाशी जेवण टाकून बसलेले वडील आहेत. एका भिक्खूचं खरं नाव सांगून मी यातलं काय काय मागत होतो? गोतावळा, मान आणि वडिलांचा शब्द. त्याच्या बदल्यात देत काय होतो, तर एका तारखेची खात्री.

म्हणून एक सोपा सल्ला जो सर्रास दिला जातो, की कटकथावाल्यांपुढे पुरावे मांडत राहा, तो मला अर्धवट वाटतो. पुरावे मांडायचेच, पण कुणापुढे याचा विचार करून. ज्यांनी त्या समजुतीवर घर बांधलं आहे ते तुमच्या कागदानं घर सोडणार नाहीत. जे अजून प्लॉट बघताहेत त्यांच्यासाठी कागद आहे. मास्तरांचा नातू इंजिनियरिंगला आहे. आजोबांची फाईल त्यानं बघितली आहे आणि त्याचं मत अजून बनलेलं नाही. त्याला तैवानच्या नोंदींचा मुद्दा मी सांगितला तेव्हा त्यानं लगेच मोबाईल काढून चिनी प्रशासन कधी आलं ती तारीख तपासली. आजोबांनी ती कधी तपासली नव्हती. तपासायची गरजच पडली नव्हती.

याच कारणासाठी फायली वेळेवर उघडणं महत्त्वाचं. पश्चिम बंगाल सरकारनं सप्टेंबर २०१५ मध्ये ६४ फायली खुल्या केल्या, केंद्रानं २३ जानेवारी २०१६ ला १०० फायलींच्या डिजिटल प्रती खुल्या केल्या. अपघाताला धक्का देणारं त्यांत काही निघालं नाही, आणि कुणाचं मतही फारसं बदललं नाही. मग उघडून उपयोग काय, असं विचारणारे आहेत. उपयोग झाला नाही, कारण सत्तर वर्षं उशीर झाला. हेच कागद १९५६ मध्ये समोर आले असते तर मास्तरांच्या वडिलांनी ते वाचले असते, आणि त्या घरात फाईल सुरूच झाली नसती, अशी निदान शक्यता होती.

आता उरलं आहे ते रेंकोजीचं काम. तिथल्या अस्थींची डीएनए चाचणी करा आणि त्या भारतात आणा, अशी मागणी खुद्द अनिता बोस यांनी पुन्हा पुन्हा केली आहे. सरकारं येतात, जयंतीला हार घालतात आणि हा विषय टाळतात. चाचणीनं सगळं सुटेल असं मी म्हणत नाही. जळालेल्या हाडांतून डीएनए मिळेलच याची हमी नाही, मुखर्जी आयोगासमोरही ती अडचण आली होती. मिळाला आणि जुळला, तरी फाईलवाले म्हणणार की नमुनाच बदलला. म्हणोत. ती चाचणी त्यांच्यासाठी करायची नाही, नातवासाठी करायची आहे. आणि लवकर करायला हवी. नमुना जुळवून पाहायला सगळ्यात जवळचं रक्त मुलीचं, आणि अनिता बोस यांचा जन्म १९४२ चा आहे.